कुरकुर आणि उपकारस्तुती



आपल्या देवळाली प्रवरेच्या एखाद्या पारावर, एस.टी.च्या थांब्यावर अथवा किराणा दुकानाच्या ओट्यावर घटकाभर कान देऊन उभे राहावे, आणि जे कानी पडेल त्यात तक्रार किती व समाधान किती ह्याचा हिशेब ज्याचा त्यानेच करावा. पाऊस पडला नाही तर पडला नाही म्हणून, पडला तर नको त्या वेळी पडला म्हणून. कांद्याला भाव नाही म्हणून, आणि भाव चढला तर आपल्या चाळीतला कांदा आधीच विकून बसलो म्हणून. पाटाचे आवर्तन लांबले म्हणून, आणि वेळेवर आले तर आपली पाळी रात्री लागली म्हणून! आमच्या शाळेच्या आवारातही ह्याहून निराळे काही ऐकू येत नाही. प्रश्नपत्रिका अवघड निघाली तर ती काढणाऱ्यास दोष, सोपी निघाली तर सर्वांनाच गुण मिळाले म्हणून नाराजी. डब्यात भाकरी असली की शेजाऱ्याची पोळी डोळ्यांत भरते, आणि त्याच वेळी शेजाऱ्याला आपल्या भाकरीबरोबरचा ठेचा हवासा वाटत असतो.

प्रस्तुत लेखक ह्या दोषातून मुक्त आहे असे कोणी समजू नये. हा लेख लिहावयास बसलो तोच वीज गेली, आणि पहिला शब्द कागदावर उमटण्यापूर्वी पहिली कुरकुर ओठांवर आली. तेव्हा जो उपदेश पुढे करावयाचा आहे, तो प्रथम स्वतःलाच आहे.

कुरकुर हा मनुष्याचा फार जुना रोग आहे. पवित्र शास्त्रात त्याचे जे वर्णन आले आहे, ते वाचून आपल्या भागातील माणसास तर हसूच यावे. इस्राएल लोक मिसर देशाच्या दास्यातून सुटले व मोशेच्या मागे रानातून चालू लागले. तेथे त्यांना खावयास मान्ना मिळत होता. पेरणी नाही, खुरपणी नाही, पाण्याची पाळी नाही. सकाळी उठावे आणि वेचून आणावे. परंतु पुढे त्यांना त्याचा कंटाळा आला आणि मिसरातील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे व लसूण ह्यांची आठवण होऊन ते रडू लागले. कांद्यासाठी रडणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात आहे असे नाही. तो रानातही होता!

पण ह्या गोष्टीतील मर्म त्या कांद्यात नाही. ते त्यांच्या आठवणीत आहे. मिसरात त्यांनी कांदे खाल्ले हे खरे असेल. परंतु तेथे त्यांच्याकडून विटा पाडून घेत, मुकादम त्यांस मारीत, आणि त्यांची तान्ही मुले नदीत टाकण्याची राजाज्ञा झाली होती. कांदा आठवला, विटा विसरल्या. कुरकुरीचे सारे कसब ह्यातच आहे. ती निव्वळ खोटे बोलत नाही. ती निवडून आठवते. जे नाही तेवढे पुढे मांडते, जे आहे ते पदराआड झाकते, आणि अखेर माणसास असे वाटावयास लावते की गुलामगिरीतले दिवस बरे होते.

येथे एखादा समंजस पालक मला अडवील व म्हणेल, "गुरुजी, हे सर्व ठीक आहे, पण आमचे दुःख खरे आहे, त्याचे काय?" हा प्रश्न टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपला राहुरी तालुका पर्जन्यछायेत आहे. येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे वीस इंच पाऊस पडतो, आणि तोही वेळेवर पडेलच असे नाही. १८७६-७८, १८९६-९७ व १८९९-१९०० ह्या साली पडलेल्या दुष्काळांनी दख्खनची गावेच्या गावे ओस पाडली. १९७२ चा दुष्काळ तर आजच्या आजोबा-आजींनी स्वतः सोसलेला आहे. खडी फोडून मिळालेल्या मजुरीवर ज्यांनी ते वर्ष काढले, अशी माणसे अद्याप आपल्यांत आहेत. ज्याचे पीक डोळ्यांदेखत करपले, त्यास भरल्या पोटीच्या माणसाने "देवाचे आभार मान" असे सांगणे ही निष्ठुरता होय. गरिबाचे तोंड बंद करण्यासाठी कृतज्ञतेचा उपयोग झाल्याची उदाहरणे जगात थोडी नाहीत. तशी कृतज्ञता ख्रिस्ताने शिकविलेली नाही, आणि ती ह्या लेखात मला सांगावयाची नाही.

मला सांगावयाचे आहे ते हे की, कुरकुर आणि गाऱ्हाणे ह्या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत.

ज्या ग्रंथात कांद्यासाठी रडणाऱ्यांची कथा आहे, त्याच गणना नावाच्या ग्रंथात पाच बहिणींची एक कथा आहे. सलाफहाद नावाचा मनुष्य पुत्र नसता मरण पावला. त्याच्या पाच मुली मोशेपुढे, याजकापुढे व सर्व मंडळीपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की, आमच्या बापाला मुलगा नव्हता एवढ्यावरून त्याचे नाव का पुसले जावे? आम्हांस वतन द्या. मोशेने हे गाऱ्हाणे परमेश्वरापुढे नेले, आणि परमेश्वराने सांगितले की मुलींचे म्हणणे रास्त आहे. त्यांना वतन मिळाले, इतकेच नव्हे तर त्यांच्यासारख्या इतरांसाठीही नियम ठरला. रान तेच, लोक तेच, देव तोच. पण एका तक्रारीवर कोप झाला व दुसरीवर न्याय मिळाला. असे का?

ह्याचे कारण शोधू लागलो तर दोहोंतील भेद स्पष्ट दिसतो. कुरकुर करणारे आपापल्या तंबूंच्या दारांशी बसून रडत होते. पाच बहिणी जेथे निर्णय होतो तेथे गेल्या. कुरकुर करणाऱ्यांना मागे जावयाचे होते. बहिणींना पुढच्या देशात वाटा हवा होता, म्हणजे तो देश मिळणारच असा त्यांचा विश्वास होता. कुरकुर करणारे दात्यालाच विसरले होते. बहिणी दात्यावर भरवसा ठेवून त्याच्याच दारी आल्या. पहिल्या ख्रिस्ती मंडळीतही असाच प्रसंग आला. रोजच्या अन्नवाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते अशी ग्रीक भाषा बोलणाऱ्या यहुद्यांची तक्रार होती. प्रेषितांनी त्यांस 'कृतज्ञ राहा' असे सांगून वाटेस लावले नाही. ह्याच कामासाठी सात माणसे नेमली. स्तोत्रसंहितेत तर कितीतरी स्तोत्रे विलापाची आहेत. देवापाशी रडणे हा अविश्वास नव्हे. ज्याच्यावर विश्वास असतो त्याच्याच जवळ मनुष्य रडतो.

म्हणून मी म्हणतो की कृतज्ञ मनुष्य मुका नसतो. उलट, काय चांगले आहे हे ज्याला नीट ठाऊक असते, त्यालाच काय वाईट आहे हे नीट सांगता येते.

ह्याचे उदाहरण शोधावयास आपणांस दूर जावे लागत नाही. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी, राहुरीस, रेव्हरंड नारायण वामन टिळक व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांचे काही काळ वास्तव्य होते, आणि लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्रात राहुरीच्या आठवणी आल्या आहेत. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. सोवळ्याओवळ्याचे अतिशय कडक वळण असलेल्या घरात त्या वाढल्या, आणि लहान वयातच त्यांचा विवाह झाला. पती कवी, विद्वान व उदार. पण स्वभाव लहरी, आणि हाती आलेला पैसा टिकावयाचा नाही. संसारात दारिद्र्य, पोटच्या मुलांचे मृत्यू त्यांनी पाहिले. अशातच १८९५ च्या फेब्रुवारी महिन्यात टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या काळी ह्या बातमीचा अर्थ ब्राह्मण घरातील स्त्रीला काय होता, ह्याची कल्पना आज करणे कठीण आहे. पती जिवंत असता त्या पतीस अंतरल्या. लहान मुलास घेऊन त्यांनी कित्येक वर्षे नातलगांच्या आश्रयाने काढली. मग त्या पतीकडे परत आल्या. तरी आपला आचार त्यांनी सोडला नव्हता, आणि टिळकांनीही तो बळाने सोडविला नाही. जातिभेद हा देवाने नव्हे तर माणसाने केला आहे, हा विचार त्यांच्या मनात हळूहळू उगवला, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विश्वासाने बाप्तिस्मा घेतला.

कुरकुर करण्यास ह्याहून अधिक कारण कोणाला असावे? आणि लक्ष्मीबाईंनी ते लपविले आहे काय? मुळीच नाही. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली. ती वाचून पाहा: दारिद्र्य आहे, ताटातूट आहे, पतीच्या विक्षिप्तपणाच्या हकीकती तर पानोपानी आहेत. आपल्याला जे दुःख झाले ते त्यांनी दुःख म्हणूनच सांगितले आहे. पण पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या जिभेवर कडवटपणा राहत नाही. स्वतःच्या फजितीवर त्या इतरांआधी हसतात, आणि ज्यांनी अडीअडचणीत हात दिला त्यांची नावे विसरत नाहीत. कुरकुरणाऱ्याची आठवण निवडक असते असे वर म्हटले. लक्ष्मीबाईंची आठवण पुरी आहे. तिच्यात विटाही आहेत आणि कांदेही आहेत, अंधारही आहे आणि त्यात कोणी दिवा धरला हेही आहे. माझ्या मते कृतज्ञता म्हणजे हीच पुरी आठवण.

आणि ही आठवण त्यांना घरात बसवून ठेवणारी नव्हती. अनाथ मुलांना त्यांनी आपल्या घरात थारा दिला. रोग्यांची शुश्रूषा केली. १९१९ च्या मे महिन्यात टिळक निवर्तले, तेव्हा त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. बालपणी ज्यांना शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नाही, त्या लक्ष्मीबाईंनी पुढील अध्याय रचून ते काव्य तडीस नेले. १९३६ साली त्या वारल्या. जे हातून गेले त्याचा शोक करीत बसणे आणि जे हाती उरले त्यातून काही उभारणे, ह्या दोन वाटा प्रत्येकापुढे असतात. त्यांनी दुसरी धरली.

हे बळ कोठून येते? ख्रिस्ती विश्वासाचे उत्तर असे की, ते परिस्थितीतून येत नाही, दात्याच्या ओळखीतून येते. आपल्या प्रभूने आभार केव्हा मानले ते पाहा. रानात हजारो भुकेले लोक बसले होते, आणि हाती पाच भाकरी व दोन मासे होते. शिष्यांनी हिशेब केला की हे पुरावयाचे नाही. हिशेब चुकीचा नव्हता. प्रभूने मात्र त्या न पुरणाऱ्या भाकरी हाती घेऊन प्रथम उपकारस्तुती केली आणि मग वाटावयास आरंभ केला. तसेच, ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले, त्याच रात्री भाकर हाती घेऊन त्याने आभार मानले. पुढे काय होणार आहे हे त्याला ठाऊक होते. प्रभुभोजनास ग्रीक भाषेत जे नाव पडले, त्याचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. म्हणजे आपली मंडळी ज्या मेजाभोवती जमते, ते मेजच दुःखाच्या रात्री मानलेल्या आभारांचे आहे.

दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट तुम्हांस पाठ असेल. दहाही बरे झाले. एकच परतला, आणि तो शोमरोनी, म्हणजे ज्यास इतर लोक परका व हलका मानीत असा होता. जे नऊ परतले नाहीत त्यांचे आरोग्य प्रभूने काढून घेतले नाही. उपकारस्तुती ही देणगीची किंमत नव्हे. नवांना देणगी मिळाली. दहाव्याला देणगीबरोबर दाताही मिळाला. कृतघ्न मनुष्याचे नुकसान होते ते हेच.

आता आपल्या गावाकडे वळू. आपल्या नावाला जिचे नाव जोडले आहे, त्या प्रवरेचे पाणी पाटाने आपल्या शेतांत येते. ते कोठून येते ह्याचा विचार आपण कधी करतो काय? रतनगडाच्या परिसरात, सह्याद्रीच्या माथ्यावर, आपल्यापैकी पुष्कळांनी न पाहिलेल्या रानात मुसळधार पाऊस कोसळतो. भंडारदऱ्यास त्या पाण्याला बांध घालण्याचे काम १९१० साली सुरू झाले व १९२६ साली पुरे झाले. धरणाची उंची सुमारे २७० फूट. दगड फोडणारे, चुना मळणारे, डोक्यावरून पाट्या वाहणारे स्त्रीपुरुष तेथे राबले; त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. ज्यांची शेते जलाशयाच्या पोटात गेली, त्यांनी आपली जमीन गमावली तेव्हा आपली जमीन भिजली. पुढे ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेले कालवे खालच्या तालुक्यांत आले, आणि जेथे बाजरीची शाश्वती नव्हती तेथे ऊस उभा राहिला.

पाणी आले, पण कुरकुर गेली नाही. मनुष्याची कुरकुर उणीव भरल्याने संपत नाही, हा धडा ह्या पाटाने आपणांस दिला आहे. आणखीही एक धडा त्यात आहे. दख्खनच्या कालव्यांखाली जेथे बेसुमार पाणी दिले गेले, तेथे कित्येक जमिनी पाणथळ व खारवट होऊन बसल्या. जे मिळाले ते देणगी म्हणून न वापरता हक्काची लूट म्हणून वापरले की देणगीच नासते. ह्याचे ज्याला भान आहे तो पाणी जपून घेतो, आणि पाटाच्या शेवटाकडील शेतकऱ्यालाही ते पोहोचले पाहिजे हे जाणतो. आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी जात नसेल, तर त्याने पारावर बसून कुरकुरू नये. पाच बहिणींप्रमाणे जेथे निर्णय होतो तेथे जावे, अर्ज लिहावा, शेजाऱ्यास बरोबर घ्यावे.

विद्यार्थीमित्रहो, उपदेश ऐकून सोडून द्यावयाचा नसेल तर त्यास कृतीची जोड हवी. म्हणून सरावाच्या चार साध्या गोष्टी सुचवितो.

पहिली, निजण्यापूर्वी त्या दिवशीच्या तीन देणग्या नाव घेऊन देवापुढे सांगा. 'सर्व गोष्टींबद्दल आभार' असे म्हणू नका. त्यात मन लागत नाही. 'गणित समजावून देणाऱ्या मित्राबद्दल', 'आजीच्या उतरलेल्या तापाबद्दल' असे नेमके म्हणा. ह्यास आधुनिक शास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेतील रॉबर्ट एमन्स व मायकेल मॅकलफ ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे दर आठवड्यास कृतज्ञतेच्या गोष्टी लिहिल्या व दुसऱ्याने त्रासाच्या. पहिल्या गटातील विद्यार्थी आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी व पुढील आठवड्याविषयी अधिक आशावादी आढळले.

दुसरी, जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत त्या अन्नामागील एका तरी माणसाची आठवण करा: कांदा काढणारी मजूर बाई, रात्रीच्या पाळीचे पाणी धरणारा चुलता, पहाटे उठून भाकरी थापणारी आई.

तिसरी, ज्याचे आभार मानावयाचे त्याच्यापर्यंत ते पोहोचवा. मनातल्या मनात मानलेले आभार हे टपालात न टाकलेल्या पत्रासारखे आहेत. शाळेचे आवार झाडणाऱ्या मावशींना वर्षभरात आपण एकदा तरी तोंडाने धन्यवाद दिले काय?

चौथी, तक्रार ओठांवर आली की स्वतःला विचारा: हे ज्याला सुधारता येईल असा कोणी आहे काय? असेल तर त्याच्याकडे जाऊन नम्रपणे पण स्पष्ट सांगा. कोणाच्याही हातातले नसेल तर देवापाशी सांगा. आणि दोन्हीही करावयाचे नसेल, तर ती केवळ कुरकुर आहे असे समजून तेथेच गिळून टाका. मात्र कोणी तुमच्यावर अन्याय करीत असेल, मारीत असेल, भीती घालीत असेल, तर ते सांगणे ही कुरकुर नव्हे. ते विश्वासाच्या मोठ्या माणसास अवश्य सांगा, आणि त्याने ऐकले नाही तर दुसऱ्यास सांगा.

पालकजनहो, आपणांस एकच विनंती. मुले आपल्या उपदेशाने नव्हे तर आपल्या बोलण्याच्या सुराने घडतात. घरी परतताच बापाचा पहिला शब्द तक्रारीचा असेल आणि चुलीपाशी आईचा शेवटचा शब्द उसाशाचा असेल, तर शाळेतील प्रार्थनेने काय व्हावे? दुःख मुलांपासून लपवू नका. कर्जाची, आजाराची, पिकाची अडचण त्यांना कळू द्या. पण त्याच बैठकीत, अडचणीत कोण उभा राहिला हेही त्यांना कळू द्या. त्यांच्या आठवणीची शिदोरी पुरी बांधून द्या.

हबक्कूक नावाच्या संदेष्ट्याने म्हटले आहे की झाडास फळ न आले, शेताने अन्न न दिले आणि गोठ्यात गुरे न उरली तरीही मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. हे बोल भरल्या कोठाराच्या धन्याचे नाहीत. रिकाम्या गोठ्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे आहेत. आपल्या तालुक्यात असे गोठे पुष्कळांनी पाहिले आहेत. तेथे उभे राहून जो डोळे पुसतो, देवाचे नाव घेतो आणि उद्याच्या पेरणीसाठी शेजाऱ्याकडे बियाणे मागावयास निघतो, त्यानेच उपकारस्तुतीचा अर्थ जाणला.

असो. लेख संपता संपता वीज आली आहे. ती गेली तेव्हा मी कुरकुरलो. आली तेव्हा आभार मानावयाचे विसरलो होतो, ते आता मानतो. दहांपैकी उशिरा परतणाऱ्यालाही प्रभू हाकलून देत नाही, अशी माझी श्रद्धा आहे.